दुपारी बांधून ठेवलेली विमाने

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

याच सदरात बेळगाव विमानतळाशेजारच्या सांबऱ्याकडील एका वाचकाने विचारले आहे की, सकाळभर डोक्यावर घिरट्या घालणारी प्रशिक्षणाची छोटी विमाने दुपारी लख्ख उन्हात विमानतळावर नुसतीच का उभी असतात आणि लाखो रुपये भरलेल्या विद्यार्थ्यांचे तास का बुडवले जातात. तक्रारीमागची कळकळ मी समजू शकतो, कारण माझा पुतण्याही व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारे उड्डाणाचे 200 तास मोजत बसला आहे; तरीही ही तक्रार चुकीच्या जागी केली आहे, असे मला वाटते.

एप्रिल-मेमध्ये बेळगाववर आकाश निळे दिसते, याला फारसा अर्थ नसतो. शाळेत मी तीस वर्षे खारे वारे शिकवले, पण पुस्तकातले ते वारे किनाऱ्यापाशीच थांबत. प्रत्यक्षात गोव्याकडून निघालेली ती दमट हवा दुपारपर्यंत सह्याद्रीचा कडा चढून चोर्ला, कणकुंबी, जांबोटीच्या माथ्यावर येते आणि तिथे पठारावरच्या तापलेल्या, कोरड्या हवेला भिडते. वर ढकलली गेलेली ही हवा जो ढग उभा करते, तो बाराच्या सुमारास कापसाच्या पुंजक्याएवढा असतो आणि तासा-दीड तासात त्याचा माथा ऐरणीसारखा पसरलेला दिसतो, म्हणजे तो वादळी ढग झालेला असतो. खानापूर तालुक्यातल्या काजूवाल्यांना हे सांगावे लागत नाही.

त्यात आपल्या उन्हाची भर पडते. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर आहे. पारा 37 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जणू 5,700 फुटांवर जाऊन बसते. वैमानिक याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. समुद्रसपाटीला मिनिटाला 700 फूट चढणारे चार आसनी विमान अशा दुपारी 450 फुटांच्या आसपासच चढते. उलट, पक्व झालेल्या वादळी ढगाखाली हवा मिनिटाला 2,000 फूट किंवा त्याहूनही अधिक वेगाने खाली कोसळत असते. हा हिशेब सुटत नाही, मग विद्यार्थी कितीही हुशार असो.

ढग दूर असला म्हणजे आपण सुरक्षित, हा समजही खरा नाही. वळीव येण्याआधी धुळीचा लोट आणि थंड झुळूक येते, हे आपण अंगणात अनुभवतो. ही झुळूक म्हणजे ढगाखाली कोसळून जमिनीवर पसरलेली हवाच असते आणि पावसाच्या पंधरा-वीस किलोमीटर पुढेही ती पोहोचते. कोसळत्या हवेखालून उतरू पाहणाऱ्या विमानाला ती आधी समोरून लागते, वेग वाढल्याचा भास होतो, आणि मग काही सेकंदांत तीच हवा पाठीमागून लागते. ताशी 120 किलोमीटरने उतरणाऱ्या विमानाच्या पंखांवरून वाहणारा वारा अशा वेळी एकदम ताशी 70-75 किलोमीटरने घटला, तर विमान हवेत तरू शकत नाही. 1975 साली न्यूयॉर्कला उतरणारे प्रवासी जेट विमान कोसळले, तेव्हा त्याचा अभ्यास करून हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी अशा कोसळत्या हवेचे स्वरूप उलगडले. जिथे जेट टिकले नाही, तिथे आपल्या पोरांच्या विमानाची काय कथा!

मे 2023 मध्ये होन्निहाळजवळ एक प्रशिक्षण विमान तातडीने उतरवावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. कारण तांत्रिक होते, वळिवाचे नव्हते. पण बेळगावच्या पूर्वेकडच्या त्या भागात सपाट शेते होती म्हणून जीव वाचले, हे विसरू नये. जांबोटीच्या पश्चिमेला भीमगडचे घनदाट रान आहे. तिथे ढगाने वाट अडवली, तर उतरायला शेत कुठून आणणार?

मात्र प्रशिक्षण देणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत घाटाच्या दिशेची उड्डाणे सकाळी साडेअकरापूर्वी संपतील असे वेळापत्रकच आखावे, आणि या महिन्यांत तास कमी भरतील हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना लेखी कळवावे. वादळामुळे बेळगावला उतरता आले नाही, तर हुबळीच्या विमानतळाकडे वळण्याइतके इंधन आहे की नाही, हे विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी शिक्षकासमोर मांडून दाखवावे. पालकांनीही (मी स्वतःला वगळत नाही) मे महिन्यात फोन करून ‘किती तास झाले’ असे विचारणे थांबवावे, कारण त्या प्रश्नाचे दडपण घेऊनच मूल विमानात बसते.

पत्रलेखकांना एक विनंती. पुढच्या वेळी ती विमाने नीट पाहावीत: ती नुसती उभी नसतात, दोन्ही पंख आणि शेपटी दोरांनी जमिनीतल्या कड्यांना बांधलेली असतात. चारच्या सुमारास वारा सुटतो, तेव्हा ते दोर ताणलेले दिसतात.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव