जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी

महोदय,

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागत असल्याने, शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांतले धडधाकट संगणकही केवळ त्या कारणाने निरुपयोगी ठरवले जाण्याची भीती आहे. निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव करण्यापूर्वी हे संगणक विंडोजऐवजी पेनड्राइव्हवर भरलेल्या लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवरून चालवून पाहावेत, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० सालीच सीडीवरून थेट चालणारी 'क्नॉपिक्स' ही लिनक्स प्रणाली आणली होती. आज आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती सहज मावते आणि तिला दोन जीबी रॅमही चालते, मात्र काम सुरळीत व्हायला चार जीबी हवी. संगणक सुरू होताना एफ१२ किंवा त्या कंपनीने नेमून दिलेली कळ दाबायची आणि समोर आलेल्या यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा. थोड्याच वेळात फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर यांसह संपूर्ण प्रणाली पडद्यावर उभी राहते. मराठीचा कळफलकही त्यात निवडता येतो. आपण मुद्दाम काही केले नाही, तर हार्ड डिस्कवरची विंडोज जशीच्या तशी राहते. यूएसबी २.० च्या जोडणीवर हे सारे रेंगाळते, हे मात्र खरे, ३.० ची खाच असेल तर तीच वापरावी.

पेनड्राइव्हवर वेगळी सोय करून ठेवली नसेल, तर संगणक बंद करताच त्या वेळी केलेले सारे काही पुसले जाते. घरी ही अडचण वाटेल, पण ग्रंथालयात तोच मोठा फायदा आहे, कारण आधीच्या वाचकाने उघडा ठेवलेला ईमेल किंवा भरलेला पासवर्ड पुढच्याच्या हाती लागत नाही. आपली फाईल ज्याने-त्याने वेगळ्या पेनड्राइव्हवर न्यावी.

पेनड्राइव्ह म्हटले की व्हायरसची धास्ती वाटते आणि ती रास्तच आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरससारखा घातक प्रोग्राम पेनड्राइव्हमधूनही पसरत होता. तसेच, बाहेरून आणलेल्या प्रणालीतून हार्ड डिस्कवरच्या कूटबद्ध नसलेल्या फायली वाचता येतात. म्हणून वाचकांना स्वतःचे पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करू देऊ नये. संस्थेने अधिकृत संकेतस्थळावरून प्रणाली उतरवून आपले पेनड्राइव्ह तयार करावेत, बायोसला (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड घालावा आणि दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती भरावी, कारण अशा प्रणालीत सुरक्षा-सुधारणा आपोआप टिकून राहत नाहीत.

शिक्षण विभागाने आणि ग्रंथालय संचालनालयाने प्रत्येक निर्लेखन प्रस्तावासोबत अशा चाचणीचा निकाल जोडणे बंधनकारक करावे, ही विनंती.

आपला,
एक ग्रंथालय कार्यकर्ता, सातारा