मंत्रीसाहेब, सिरीयलच्या खाली मराठीत ओळी द्या

माननीय माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार यांस,
सविनय नमस्कार.

मागच्या सोमवारी संध्याकाळी साडेसातला एका मराठी चॅनलवर नवीन कौटुंबिक सिरीयल सुरू झाली, आम्ही मायलेकींनी पहिला आठवडा एकही भाग न चुकवता बघितला, आणि त्यातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तुमच्याच खात्याच्या हातात आहे म्हणून हे पत्र.

आधी चांगलं सांगते. बऱ्याच दिवसांनी सासू माणसासारखी दाखवलीय. तिसऱ्या भागात ती ओल्या फडक्यावर थालीपीठ थापत असते, बोटाने भोकं पाडते आणि हात न थांबवता सुनेला म्हणते, नोकरी सोडायची नाही हां. बास, एवढंच. ना रडारड ना भाषण, मला तर फारच आवडलं ते. भाषापण साताऱ्याकडची आहे आणि ओढूनताणून आणलेली वाटत नाही. पण तीच सासू रात्री झोपताना काठापदराच्या साडीत, गळ्यात सगळे दागिने, आणि दर दोन मिनिटांनी ते ढॅण ढॅण म्युझिक!

त्या म्युझिकचा मला नुसता त्रास होतो, आईला मात्र त्याच्यामुळे काहीच कळत नाही. आई ७८ वर्षांची, दोन्ही कानांना मशीन. मशीन डायलॉगबरोबर म्युझिकपण मोठं करतं, म्हणून ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून समजून घेते, पण महत्त्वाचं वाक्य आलं की कॅमेरा बोलणाऱ्यावर नसतोच, बाकीच्या सहा जणांच्या तोंडावरून फिरत असतो. शुक्रवारी मोठ्या मुलाने घर विकल्याचं सांगितलं तेव्हा असंच झालं, सगळे रडायला लागले आणि आई मला विचारते, "काय झालं गं, कोण गेलं?" मी ओरडून सांगेपर्यंत जाहिराती लागल्या. मग म्हणाली, तू बघ, मी पडते जरा.

आणि हीच आई रोज सकाळी अख्खा पेपर वाचून काढते हो. तिला खाली मराठी ओळी दिसल्या की झालं, बाकी काही नको. मोबाईलवर त्याच सिरीयलला इंग्रजी सबटायटल्स आहेत, मराठी नाहीत, आता मराठी सिरीयल बघायला माझ्या आईने इंग्रजी शिकायचं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये टीव्हीवर कॅप्शन, खाणाखुणांची भाषा ही सोय करायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. तुमच्या मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये कमी ऐकू येणाऱ्यांसाठी टीव्हीचे नियमपण काढले. आणि हे काही नवीन नाही, १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गाण्यांखाली गुजरातीतच ओळी देत होते, लोकांची वाचायची सवय वाढावी म्हणून, नंतर चित्रहारलापण हिंदीत दिल्या. सिरीयलचे डायलॉग तर शूटिंगच्या आधीच लिहून तयार असतात, मग अडतंय कुठे?

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. संध्याकाळी सात ते दहाच्या मराठी सिरीयलना मराठी कॅप्शन सक्तीचे करा, आणि कुठल्या चॅनलने नियम किती पाळला ते दर महिन्याला मराठीत जाहीर करा. सुरुवात एका सिरीयलपासून केलीत तरी चालेल, पण या वर्षी करा, आई ७८ ची आहे.

आपली,
साताऱ्याची एक प्रेक्षक