फोडलेला दगड किती दिवसांचा असावा?

संपादक महोदय,

२०२७ च्या सिंहस्थाची कामे जवळ आली की नाशिक परिसरातल्या खाणींकडे खडीची मागणी वाढते. मग ‘एकदाच मोठा सुरुंग लावा, महिन्याचा माल पाडून ठेवा’ असा विचार बळावतो. आमच्या मते तो घातक आहे. साठा हिशेबानेच ठरला पाहिजे.

ताशी १५० टनांचा क्रशर आठ तास चालला तर रोज १,२०० टन दगड खातो. आपला काळा बेसाल्ट जागेवर घनमीटरला साधारण २.८ टन भरतो. बेंच, म्हणजे खाणीतली दगडाची पायरी, सहा मीटर उंच, ओळी अडीच मीटरवर आणि ओळीतली भोके तीन मीटरवर असतील, तर एका भोकामागे ४५ घनमीटर, म्हणजे १२६ टन दगड सुटतो. सहा दिवसांनी ब्लास्टिंग करायचे तर ५८ भोके पुरतात. हा झाला फिरता साठा. त्याच्या खाली राखीव साठा हवा, कारण ड्रिल बंद पडते, स्फोटकांची गाडी उशिरा येते, पावसात सुरुंग पुढे ढकलावा लागतो. राखीव किती, ते नोंदवहीला विचारावे: वर्षभरात ब्लास्टिंग ठरल्या दिवसापेक्षा किती लांबले? दहापैकी नऊ वेळा ते चार दिवसांपेक्षा जास्त लांबले नसेल, तर चार दिवसांचे ४,८०० टन राखून ठेवावेत. म्हणजे ढीग १२,००० टनांपर्यंत चढेल आणि ४,८०० वर येताच पुढचा सुरुंग उडेल. दहा दिवसांचा माल झाला. महिन्याचा कशाला?

मोजणीत मोठी चूक होते ती फुगण्याची. फुटलेला दगड जवळपास दीडपट जागा व्यापतो. ढिगाचे घनफळ मोजून त्याला सरळ २.८ ने गुणले, तर कागदावर दीडपट साठा दिसतो आणि क्रशर मध्येच थांबतो. क्रशरच्या तोंडात न मावणारे बोल्डर ब्रेकरने फोडेपर्यंत साठ्यात धरू नयेत. जिथे पोकलेन पोहोचत नाही तो दगडही धरू नये.

खनिजाच्या खाणीत हे आणखी नाजूक असते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गसारख्या मँगनीजच्या उघड्या खाणीत एकूण टनांचा आकडा पुरत नाही. प्रत्येक पोकलेनसमोर, प्रत्येक प्रतीचा फुटलेला माल वेगळा लागतो. उच्च प्रतीचा ढीग संपला आणि कमी प्रतीचा वीस दिवसांचा पडून असला, तरी मिश्रण जुळत नाही. घाईने एकत्र उडवलेल्या बेंचमध्ये खनिजात निरुपयोगी दगड मिसळतो, तो नंतर निवडत बसावे लागते.

जादा साठ्याने पैसा अडकतो, डंपरचा रस्ता अडतो, पुढच्या ओळीचे ड्रिलिंग खोळंबते. पावसाळ्यात पाणी भरलेल्या भोकात साधे अमोनियम नायट्रेट-डिझेलचे स्फोटक मिश्रण विरघळते. तिथे पाण्यात टिकणारे इमल्शनच लागते.

मोठ्या सुरुंगात जमिनीच्या कंपनाचाही प्रश्न आहे. ते सुरुंगातल्या एकूण स्फोटकांपेक्षा एका डिलेत, म्हणजे क्षणाक्षणाच्या अंतराने उडणाऱ्या एकेका टप्प्यात, किती उडतात यावर जास्त ठरते. मोठ्या सुरुंगात डिले अपुरे पडले की जास्त भोके एकदम उडतात. खाणीबाहेरच्या घरांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची कंपनाच्या वेगाची मर्यादा, वारंवारता ८ हर्ट्झखाली असेल तर, सेकंदाला ५ मिलिमीटर आहे. शेजारच्या वस्तीत दर ब्लास्टिंगला ही मोजणी व्हावी आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, अशी आमची मागणी आहे.

— खाणकामातील काही अभियंते, नाशिक