डेव्हिड मन्रो यांच्यासारखा सांगणारा आपल्या रेडिओलाही हवा

महोदय,

व्हॉयेजर या अंतराळयानांचा विषय निघाला की केसरबाई केरकरांच्या भैरवीचा उल्लेख आपल्याकडे अभिमानाने होतो, आणि तो व्हायलाच हवा. पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत घेऊन या यानांबरोबर गेलेल्या ज्या सोनेरी तबकडीवर ती भैरवी आहे, तिच्यावरच जेमतेम सव्वा मिनिटाची एक इंग्लिश नृत्यधून आहे. अँथनी होलबोर्न यांची ही रचना १५९९ साली छापली गेली. तबकडीवर ती वाजवली आहे जुन्या युरोपीय संगीताचे इंग्लिश वादक डेव्हिड मन्रो आणि त्यांच्या 'अर्ली म्युझिक कन्सॉर्ट ऑफ लंडन' या वाद्यवृंदाने. मन्रो यांचं काम आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

१९४२ साली जन्मलेल्या मन्रो यांनी केंब्रिजला शिक्षण घेतलं ते इंग्रजी साहित्याचं. त्याआधी ते पेरूमध्ये शिकवायला गेले होते. तिथल्या लोकवाद्यांनी त्यांना झपाटलं आणि परतताना त्यांच्या सामानात तिकडच्या बासऱ्या होत्या. पुढे केंब्रिजमध्ये एका मित्राकडे भिंतीवर टांगलेलं क्रमहॉर्न त्यांच्या नजरेस पडलं. थर्स्टन डार्ट यांच्यासारख्या जाणत्या अभ्यासकाने पाठीवर हात ठेवला आणि त्यांची वाट ठरली.

क्रमहॉर्न हे छत्रीच्या मुठीसारखं टोकाशी वळलेलं जुनं लाकडी वाद्य. फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी त्याची पत्ती टोपणात बंद असते, वाजवणाऱ्याच्या ओठांना ती लागतच नाही. त्यामुळे आवाज लहानमोठा करायची सोय नाही. जोरात फुंकलं तर सूरच चढतो. पल्ला सप्तकाहून जेमतेम एका सुराने अधिक. अशा हट्टी वाद्यातून लोकांचे पाय थिरकतील असं संगीत काढायला ग्रंथालयातला अभ्यास आणि रियाज, दोन्ही लागतात. मन्रो यांच्याकडे दोन्ही होतं. १९६७ साली क्रिस्टोफर हॉगवुड यांना सोबत घेऊन त्यांनी वाद्यवृंद उभा केला, आणि तोवर मोजक्या अभ्यासकांपुरतं उरलेलं मध्ययुगीन संगीत भरलेल्या सभागृहांत घुमू लागलं.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र रेडिओवरचं. १९७१ पासून बीबीसी रेडिओ ३ वर ते 'पाइड पायपर' हा मुलांसाठीचा कार्यक्रम करत. आठवड्यातून चार वेळा, एकूण ६५५ भाग! विषयाला कुंपण नव्हतं. जुन्या दरबारी संगीतापासून थेट रॉकपर्यंत. मुलांसाठी म्हणून त्यांनी माहिती पातळ केली नाही, म्हणूनच मोठी माणसंही कान देऊन ऐकत. १९७६ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी मध्ययुगीन आणि रेनेसाँ काळातल्या वाद्यांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्हॉयेजर यानं झेपावली ती पुढच्या वर्षी.

आपल्याकडे असा कार्यक्रम का होऊ नये? जुनी युरोपीय वाद्यं समजून घेताना मन्रो जगभरच्या जिवंत लोकवाद्यांकडे वळत. त्यांच्या आवडीचं शॉम हे दुहेरी पत्तीचं, पुढे रुंद होत जाणारं वाद्य म्हणजे आपल्या सनईचं नातलगच. सनई तर आपल्या दारात वाजते. सनईसारखीच पण आकाराने लहान अशी सोलापूरची सुंदरी, तुतारी, संबळ, रुद्रवीणा, सारंगी ही वाद्यं वाजवणारे आज आहेत. पण सुंदरी आणि सनईच्या आवाजातला फरक किती शाळकरी मुलांना सांगता येईल? त्यांनी तो ऐकलाच नसेल, तर दोष त्यांचा नाही.

आकाशवाणीकडे ध्वनिमुद्रणांचा मोठा ठेवा आहे आणि तिचा आवाज खेड्यापाड्यांत पोहोचतो. मुंबई, पुणे, सोलापूर केंद्रांनी मिळून शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत मुलांसाठी वीस मिनिटं राखून ठेवावीत. निवेदक असा निवडावा की ज्याला वाद्य वाजवता येतं, त्याचा इतिहास ठाऊक आहे आणि जो मुलांशी बरोबरीने बोलतो. एका भागात एकच वाद्य घ्यावं, आधी ते नीट ऐकवावं आणि मगच त्याच्याविषयी बोलावं. सुरुवात सुंदरीपासून करावी, अशी माझी विनंती आहे.

– एक रेडिओश्रोता, पुणे