कारला टोल माफ, बसचं तिकीट डबल

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२४ मधे मुंबईच्या पाचही एन्ट्री पॉइंटवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन्ही नाके, ऐरोली आणि वाशी, सगळीकडे कारचा टोल माफ झाला. पुढच्याच वर्षी ९ मेपासून बेस्टचं, म्हणजे मुंबईच्या शहर बसचं, कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं आणि एसीचं ६ चं १२. ह्या दोन्ही बातम्या शेजारी शेजारी ठेवून बघा, कारवाल्याचे एका बाजूचे ४५ रुपये वाचले आणि जिच्याकडे सायकलसुद्धा नाही तिचा खर्च दुप्पट झाला.

आणि ही वाढ सगळ्यांना सारखी नाही बसली. १० किलोमीटरला साध्या बसचं तिकीट १० चं १५ झालं, म्हणजे दीडपट, पण पहिल्या ५ किलोमीटरला सरळ दुप्पट. छोटा प्रवास कोण करतं तर घरकाम करणाऱ्या बायका, भाजीवाल्या, सरकारी हॉस्पिटलला जाणारे म्हातारे. दोन ठिकाणी कामं असतील तर दिवसातून चार वेळा बस. ५ च्या तिकिटात २६ दिवसांचे ५२० व्हायचे ते आता १०४० होतात, आणि जिचा महिन्याचा पगार चार घरचे मिळून येतो तिला हे ५०० रुपये म्हणजे गॅस सिलेंडरचा बराचसा भाग.

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडला सकाळी जाऊन उभं राहा. रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या प्रोजेक्टसाठी ज्यांची घरं गेली अशी कितीतरी कुटुंबं तिथे आणून ठेवलीत, म्हणजे शहराची वाहतूक सुधारावी म्हणून ह्यांनी जागा सोडली. सकाळी तिथल्या बायका डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून स्टॉपवर उभ्या असतात, रस्त्याकडे बघत, आणि बस दिसली नाही की हळूहळू एकेक जण शेअर रिक्षाकडे सरकते. मागे तिघी बसतात, चौथी ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी बाहेर, एक हात वरच्या दांडीला आणि दुसऱ्या हातात सुट्टे पैसे. रिक्षावाल्याचा काही दोष नाही, तो आहे म्हणून त्या कामावर वेळेत पोचतात. पण परवडणारी बस नसेल तर गरीबाला जास्त पैसे मोजून जास्त धोक्याचा प्रवास करावा लागतो, आणि ॲपवरची टॅक्सी तर गर्दीच्या वेळी, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, महाग होते.

ह्यावर उत्तर ठरलेलं आहे, बेस्ट तोट्यात आहे. आहेच, पूर्वी बेस्टच्याच वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा तेही बंद झालं. पण कोस्टल रोडवर तेरा हजार कोटींच्या वर खर्च झाला आणि कारला तिथे टोल नाही, तो रस्ता तोट्यात चाललाय असं कुणी म्हणतं का? रस्त्यावर घातलेला पैसा विकास आणि बसवर घातलेला पैसा ओझं, हा हिशोब मला पटत नाही. दोन्ही पैसा आपलाच आहे, स्टॉपवरच्या त्या बाईचाही आहे, साबणापासून मोबाईल रिचार्जपर्यंत सगळ्यावर तीही टॅक्स भरते.

२०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांवर बस होत्या, २०२५ मधे तीन हजारांच्या आत आल्या, आणि त्यातल्या बेस्टच्या स्वतःच्या काहीशेच, बाकी सगळ्या ठेकेदारांच्या. ठेकेदार मधेच काम सोडून गेले तेव्हा त्रास प्रवाशांनाच झाला. माझं म्हणणं आहे की बेस्टने स्वतःच्या बस घ्याव्यात आणि पैसे महापालिकेने दरवर्षी बजेटमधून द्यावेत, मागायला न लावता.

दुसरं म्हणजे बसला रस्ता द्या. एका बसमधे पन्नास माणसं असतात आणि तिच्याएवढ्याच जागेत उभ्या दोन-तीन कारमधे कितीदा तर एकेकटाच माणूस, तरी सिग्नलला दोघांना सारखंच थांबायचं. गर्दीच्या वेळी एक लेन फक्त बसची ठेवली आणि तिथे उभ्या राहणाऱ्या गाड्या उचलल्या तर आहेत त्याच बस जास्त फेऱ्या मारतील. कार घेणाऱ्यांवर माझा राग नाही, धड बस नाही म्हणून कर्ज काढून स्कूटर घेणारे तर माझ्याच बिल्डिंगमधे आहेत. पण रस्त्यावर फुकट पार्किंग मिळतं त्याचेही पैसे घ्या आणि ते बसला द्या.

एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, कर्नाटकात त्याच वर्षी जूनपासून सरकारी साध्या बस बायकांना मोफत झाल्या. बेस्टमधे पैसे नाहीत म्हणून असं काही होत नाही हे मला तरी खरं वाटत नाही.

तुमच्या पेपरला एक विनंती आहे. मेट्रोच्या नव्या स्टेशनचे फोटो पहिल्या पानावर येतात, यावेत, मलाही बघायला आवडतात. पण गोवंडी, मानखुर्द, मालवणी इथल्या कुठल्या रूटवर पाच वर्षांपूर्वी किती बस होत्या आणि आज किती आहेत हे एकदा माहिती अधिकारात काढून रूट नंबरसकट छापा.

आपली,
एक बस प्रवासी, चेंबूर