अंजिराच्या बागेत शास्त्र वाचू दिल्याबद्दल

अण्णांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन लागणं म्हणजे उंबराचं फूल, आणि लागलाच तर आभाराचा शब्द काढताच तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पावसापाण्याच्या गोष्टींवर येता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

ऐन तोडणीचे दिवस होते, मजुरांची ओढाताण चालली होती. चर्चच्या तरुण संघाची पोरं बागेत आणू का, असं कुणा अनोळखी बाईनं विचारलं, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "या की, फक्त फांद्या ओढू नका." आमचं दैवत कोणतं, आम्ही बागेत काय वाचणार, हे विचारलंही नाहीत. मग पाट्या भरायच्या सोडून अर्धी सकाळ आमच्यासोबत घालवलीत.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, फळझाडांवर अभ्यास चालला होता. शास्त्र उघडतं एदेन बागेत, जीवनाच्या झाडापाशी, आणि मिटतं प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात, त्याच झाडापाशी. तिथे ते बारा प्रकारची फळं देतं आणि त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असतात. मधल्या पानांवर द्राक्षवेल, जैतून (ऑलिव्ह), डाळिंब, खजूर. हे सगळं वर्गात बसून सांगता येतं. गाडी अडते ती अंजिराशी.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायात येशू बेथानीहून यरुशलेमेकडे निघालाय. त्याला भूक लागलीय. लांबून पानांनी भरलेलं अंजिराचं झाड दिसतं, जवळ जाऊन पाहतो तर नुसती पानं. तो झाडाला शाप देतो आणि दुसऱ्या दिवशी ते मुळापासून वाळलेलं दिसतं. वर मार्क स्वतःच सांगतो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. मग झाडाचा काय गुन्हा? कॉलेजला जाणारी पोरं हे विचारणारच. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ साली लंडनमधल्या व्याख्यानात नेमका हाच आक्षेप घेतला होता, आणि आमच्यातल्या एकानं तो इंटरनेटवरून काढून माझ्यासमोर ठेवला.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. गुड फ्रायडेच्या सुमारास सासवडच्या बाजारात अंजिरांचे ढीग लागलेले असतात, त्यामुळे "हंगाम नव्हता" हेच पोरांना पटेना. तुम्ही तो गुंता चुटकीसरशी सोडवलात. इथे खट्टा बहार धरायचा की मीठा, म्हणजे फळं कोणत्या हंगामात घ्यायची, हे शेतकरी ठरवतो. ताण कधी द्यायचा, छाटणी कधी करायची, पाणी कधी सोडायचं, सगळं त्याच्या हातात. उन्हाळ्यातला गोड माल हा तुमच्या मीठ्या बहाराचा. यरुशलेमेकडे हे काम थंडी करते. हिवाळ्यात झाड उघडंबोडकं होतं, वल्हांडणाच्या, म्हणजे ही गोष्ट घडली त्या यहुदी सणाच्या, सुमारास नवी पानं फुटतात आणि मुख्य पीक उन्हाळ्याच्या अखेरीस हाती येतं.

मग तुम्ही एक फांदी वाकवलीत. मागच्या वर्षीची काडी कुठली आणि यंदाची कुठली, हे बोटानं दाखवलंत. जुन्या काडीवर, पान गळून राहिलेल्या खुणेच्या वर, बारीक हिरवी गाठ होती. "पान फुटतं तेव्हाच ही दिसाय लागती," म्हणालात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या पोरांना तोंडपाठ होतं. ती गाठ मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. तिकडच्या झाडांवरही जुन्या काडीवर असा आगाप माल येतो. कच्चा असतो, चवीला बेताचा, पण भुकेल्याला चालतो. म्हणजे पानांनी डवरलेल्या झाडावर निदान एवढं तरी शोधायला जाणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं.

तरी माझ्या मते एवढ्यानं सगळं उलगडत नाही, आणि तुम्हीही मान हलवून "पण मग झाड तोडायचं, शाप कशाला?" असं विचारलंतच. माझं उत्तर तेव्हा पाट्या उचलायच्या गडबडीत अर्धवट राहिलं, ते आता देते. मार्कानं ही गोष्ट मुद्दाम दोन तुकड्यांत सांगितली आहे. सकाळी शाप, मग मंदिरात जाऊन सराफांचे चौरंग उलथणं, आणि दुसऱ्या दिवशी वाळलेलं झाड. मंदिर मधोमध ठेवलंय. ऐकणाऱ्यांच्या कानात जुने संदेष्टे होते. होशेय म्हणतो, इस्राएलाचे पूर्वज देवाला दिसले ते अंजिराच्या पहिल्या फळासारखे. मीखा रडतो की जीव ज्याची वाट पाहतो ते पहिलं अंजीर कुठेच नाही. यिर्मयाचं तेच, झाडावर अंजीर नाही आणि पान सुकून गेलंय. झाड हे त्या मंदिराचं चित्र होतं, लांबून भरगच्च आणि जवळ गेलं की हाती काही नाही. असं वाचलं की "हंगाम नव्हता" ही सबब झाडापेक्षा पुजाऱ्यांना जास्त लागते.

पण मी ज्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट लूकातली आहे. तेरावा अध्याय, जेमतेम चार वचनं. द्राक्षमळ्यात एक अंजीर लावलेलं. मालक तीन वर्षं फळ बघायला येतोय आणि हात हलवत परत जातोय. शेवटी म्हणतो, तोडून टाक, उगाच जागा का अडवतंय? माळी म्हणतो, महाराज, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. आलं फळ तर ठीक, नाहीतर मग तोडा.

आम्ही प्रवचनांत हा दाखला शेकडो वेळा ऐकलाय. मालक म्हणजे देव, माळी म्हणजे प्रभू, झाड म्हणजे आपण, झालं. तुम्ही तो ऐकल्यावर आधी मालकाची बाजू घेतलीत! "गुंठ्याला किंमत असती. तीन वरसं पाणी पाजलंय त्यानं." कुठल्याही पाळकानं ही बाजू आम्हाला कधी मांडून दाखवली नव्हती. मग तुम्ही विचारलंत, जमीन कसली होती? द्राक्षाच्या मळ्यातली म्हणजे भारीच असणार. पाणी धरून ठेवणारी असेल तर अंजीर पानांवर जाईल, फळावर येणार नाही. म्हणजे माळी बरोबर बोलतोय, खणायला हवं, मुळाला हवा लागायला हवी. असं म्हणून तुम्ही एका झाडाचं आळं उकरून दाखवलंत. बुंध्यापासून किती लांब खणायचं, मुळी न तुटता कुदळ कशी आडवी चालवायची, शेणखत कुजलेलंच का लागतं. एका पोरीनं कुदळ मागून घेतली आणि चार हात मारून दमली. तिला म्हणालात, "एक वरस मागणं सोपं नसतं पोरी. मागणाऱ्यालाच खणावं लागतं."

अण्णा, या वाक्यानं त्या दाखल्यातला माळी माझ्यासाठी जिवंत झाला. लेवीय पुस्तकात नियम आहे की लावल्यापासून तीन वर्षं झाडाचं फळ खायचं नाही, चौथ्या वर्षीचं देवाला, पाचव्यापासून आपलं. ती वर्षं धरली तर मालकाचा धीर तुमच्या हिशेबापेक्षाही लांबलेला निघतो. आणि तरीही कुणीतरी मधे पडतं, स्वतःच्या घामाचा जामीन देऊन. पुढे झाडाला फळ आलं का, हे लूक सांगत नाही. पोरांना ते खटकलं. मला ते आवडतं.

बाकीही बरंच हाती लागलं. पानाचा चीक एकाच्या मनगटाला लागून खाज सुटली तेव्हा तुम्ही हसत म्हणालात, आदम-हव्वेनं कपड्याला नेमकी हीच पानं निवडली? आता उत्पत्ती वाचताना, देवानं पुढे त्यांना चामड्याची वस्त्रं का करून दिली यावर आमच्याकडे एक नवं मत आहे. (पाळकसाहेबांना ते मान्य नाही.) शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या विसाव्या अध्यायातला वेढ्याचा नियम वाचला, की शत्रूच्या नगराला वेढा घातला तरी तिथली फळझाडं तोडू नका, तर तुम्ही पुरंदराकडे हात करून शिवशाहीची शिस्त सांगितलीत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आहेच ते: आरमाराला लाकूड हवं असलं तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, कारण ती झाडं तिनं लेकरासारखी वाढवलेली. आमच्या पोरांना हे दोन्ही एकाच सकाळी ऐकायला मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कलमावर मात्र तुम्ही प्रेषित पौलाला नापास केलंत. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तो रानटी जैतुनाची फांदी, म्हणजे यहुदी नसलेले विश्वासणारे, बागेतल्या चांगल्या जैतुनावर बांधतो. "उलटं आहे हे. खाली रायवळ, वर हापूस." बरोबर आहे, आणि पौलालाही ते ठाऊक होतं, हे निसर्गाच्या उलट आहे, असं तो स्वतःच लिहितो. शिवाय त्याच शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला फळ न धरणाऱ्या जैतुनाला फळ यावं म्हणून रानटी जैतुनाची काडी घालायला सांगतो. तेव्हा पासापुरते गुण तरी द्या. आमच्या मंडळीतल्या बहुतेक घरांत पणजोबा किंवा खापरपणजोबा ख्रिस्ती झालेले. आपण त्या झाडावरची बाहेरून आणलेली फांदी आहोत, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पाटी मात्र अजून आमच्याकडेच आहे. रविवारी सासवडला येणाऱ्याच्या हाती पाठवते. तळाला घातलेली अंजिराची पानंही पोरांनी वहीत दाबून ठेवलीत. आणि एक काम. देवळाच्या आवारात दोन अंजिरं लावायची पाळकसाहेबांच्या मनात आलंय. जमीन काळी, पावसाळ्यात पाणी साचतं. मुरूम टाकून वरंबा केला तर चालेल का, आणि काड्या कधी कापून द्याल, तेवढं कळवा. खणायला माणसं तयार आहेत.

आपली,
तरुण संघाची बाई