मानसशास्त्राऐवजी समाजशास्त्र: पैसे परत मिळण्याबाबत तक्रार

दिनांक: १५ सप्टेंबर २०२५
बार्शी, जि. सोलापूर

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(प्रवेश मार्गदर्शन करणारी आपली कंपनी)

विषय: एम.ए. मानसशास्त्राच्या ऑनलाइन प्रवेशासाठी घेतलेले १७,७०० रुपये परत करणे व परस्पर भरलेला अर्ज रद्द करणे.

महोदय,

मी बार्शीतल्या एका माध्यमिक शाळेत सतरा वर्षे मराठी शिकवते. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ जुलैला, तुमच्या मॅडमचा फोन आला. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करता येईल, बी.ए. मराठी असले तरी चालेल, जागा थोड्याच उरल्या आहेत, उद्यापर्यंत पैसे भरा. मी भरले. १५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पावती सोबत जोडली आहे.

त्याच मॅडमनी व्हॉट्सअॅपवर लिहिले होते, "एम.ए. झालं की तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट." खरे सांगायचे तर मला दवाखाना थाटायचा नव्हता. मधल्या सुट्टीत मुली येऊन काहीबाही सांगतात, कधी नुसत्याच रडतात, त्यांच्याशी नीट बोलता यावे एवढीच माझी इच्छा. पण त्या एका वाक्यावर माझे यजमान पैसे द्यायला राजी झाले, म्हणून ते इथे नोंदवते. नंतर चौकशी केल्यावर कळले की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमातून, प्रत्यक्ष रुग्णांसोबत प्रशिक्षण घेतल्यावरच मिळते. साधे एम.ए. त्याला पुरत नाही, घरबसल्या केलेले तर नाहीच. ज्यांचा धंदाच प्रवेशाचा आहे त्यांना हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता मूळ तक्रार. ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली की विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवणे बंद केले आहे, तेही जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासूनच. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात येणारे विषय यापुढे असे शिकवता येणार नाहीत, आणि मानसशास्त्र त्यात आहे. हा निर्णय तुमच्या हातात नव्हता, हे मी मान्य करते. तो चुकीचा आहे असेही मला वाटत नाही. माणसाच्या मनावर इलाज करायला शिकायचे तर समोर माणूस हवा. पण बातमी वाचून मी तुम्हाला तीन ईमेल केले, सात वेळा फोन केला. दर वेळी एकच उत्तर: "मॅम, तुमची फाइल प्रोसेसमध्ये आहे."

आणि गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, मोबाइलवर संदेश आला: "अभिनंदन! तुमचा कोर्स अपडेट झाला आहे: एम.ए. समाजशास्त्र."

मला न विचारता? मंडईत गवार संपली म्हणून भेंडी घालणारासुद्धा आधी "ताई, चालेल का?" असे विचारतो. समाजशास्त्र चांगलाच विषय आहे, पण मी तो मागितला नव्हता. फोन केला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "दोन्हीत माणसांचाच अभ्यास असतो ना!"

अर्ज मागे घ्यावा म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर गेले, तर तिथे ईमेल आणि मोबाइल क्रमांक तुमच्या कार्यालयाचा. ओटीपी तुमच्याकडे जातो. माझ्या गुणपत्रिका, माझे आधार, माझा फोटो, आणि माझ्याच अर्जाला कुलूप तुमचे.

अर्जासोबत माझ्या नावाने तुम्ही लिहिलेले इंग्रजी निवेदनही पाहिले. त्यात मी दिल्लीतल्या एका संस्थेत दोन वर्षे स्वयंसेवक होते, असे लिहिले आहे. मी दिल्लीला एकदाच गेले आहे, शाळेच्या सहलीबरोबर. कुणा दुसऱ्याच मुलीचे आयुष्य माझ्या अर्जात चिकटवले आहे, आणि माझे आणखी कुणाच्या अर्जात गेले असेल तर तेही कळायला हवे. मुळात या अर्जाला असे निवेदन लागतच नव्हते. तरी पावतीत त्याचे २,००० रुपये लावलेत.

परतावा मागितल्यावर "पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे" हे उत्तर मिळाले. जी सेवा मी विकत घेतली ती तुम्ही दिलेली नाही, आणि या वर्षी देऊही शकत नाही. मग पैसे कशाचे ठेवून घेता?

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण १७,७०० रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत. समाजशास्त्राचा अर्ज रद्द करून तसे विद्यापीठाचे लेखी उत्तर पाठवावे. माझी सर्व कागदपत्रे तुमच्याकडून काढून टाकल्याचेही लिहून द्यावे. कृपया पुन्हा फोन करून दुसरे पॅकेज सुचवू नये. मागच्या आठवड्यात एम.बी.ए.साठी दोन फोन येऊन गेले.

मुदतीत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि त्यानंतर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते तिथेच दावा करता येतो, तुमच्या शहरात यावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही नाही. वकील लावणार नाही. मराठी शिकवते, अर्ज मीच लिहीन.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व नोंदणी क्रमांक पावतीप्रमाणे)

सोबत: पैसे भरल्याची पावती, व्हॉट्सअॅप संभाषणाची छायाचित्रे, तीन ईमेलच्या प्रती, माझ्या नावावर लिहिलेले दिल्लीचे निवेदन.